जागा ठरेपर्यंत

गावातल्या भानगडी उकलून देणाऱ्या वसीलाकडे रऊफ आला तो चोराचं नाव घेऊनच. वाळवंटातल्या तोझर गावच्या खजुरीच्या बागांना पाणी वाटणारा, सगळ्यांना खुला असलेला संगणकाचा प्रोग्राम त्याची मंडळी चालवत. तो अडला तर सोडवायचा कसा, हे त्यांच्यातल्या एकट्या तिजानींना, आदराने सी तिजानींना, ठाऊक होतं; ते त्यांनी आजारपणात मोबाईलच्या ग्रुपवर उतरवलं आणि महिन्याभरापूर्वी ते वारले. आता ऐन ऑगस्टात पाणी अडलं होतं आणि ग्रुपवरची ती माहिती गायब होती.

"आमच्यातल्या हयातनंच पुसली," रऊफ म्हणाला. "माहिती कोडशेजारीच ठेवा, म्हणून मी घसा कोरडा केला. तिला मात्र कुणालाही लिहिता येईल असं वेगळं पान हवं होतं."

"मग ठरलं काय?"

"काहीच नाही. तोवर ग्रुपवरच ठेवायची."

वसीलाने त्याच्या मोबाईलवर ग्रुप चाळला. सगळ्यात वर, सर्वांत जुना, हयातची बकरी व्याल्याचा फोटो होता. तिजानींच्या जाण्याबद्दल मात्र एक ओळही नव्हती. वसीलाचा मदतनीस मुंजी मनात म्हणाला, काय ही माणसं!

दुसऱ्या दिवशी वसीला आणि मुंजी गेले तेव्हा हयात बागेत बादलीने रोपं जगवत होती. "माझीच बाग वाळतेय, सी मुंजी. मी कशाला पुसू? ग्रुपचे मालक तिजानीच, सगळ्या किल्ल्या त्यांच्याकडेच होत्या. आमच्या भांडणाला ते विटले होते. म्हणायचे, मीच तुम्हाला जागा ठरवायला लावतो."

वसीलाने बकरीचा फोटो मागितला. हयातने ग्रुप खालीवर केला; फोटो नव्हता. मुंजीला वाटलं, चोर सापडलाच.

संध्याकाळी वसीलाने दोघांना चहाला बसवलं.

"बकरी कुणाला नडत होती?" ती म्हणाली. "आणि शोकसंदेश कोण पुसेल? निवडून काहीच गेलेलं नाही. जुनं होईल ते आपोआप जातं, आणि ती सोय ग्रुपचा मालकच लावू शकतो."

रऊफने सेटिंग उघडलं. आठवड्याची मुदत लावलेली होती.

"धाकानं तरी ठरवाल, असं वाटलं तिजानींना," वसीला म्हणाली. "पण तुम्ही दोघांनी ते वाचलं आणि तिथून उचललं नाही. कोडशेजारी ठेवलं असतं तर रऊफ जिंकला असता, पानावर ठेवलं असतं तर हयात."

मुंजीला त्यांच्याकडे बघवेना.

"परत आणता येईल?" रऊफने विचारलं.

"नाही."

रऊफने चहाचा कप बाजूला सरकवला. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "हयात, तुझ्या पानावर लिहू. चालेल मला."

"कुठेही लिहू रे," ती म्हणाली. "पण लिहायचं काय, ते आपल्यापैकी कुणाला येतंय?"