दोघांची केबिन

दिवाळी सरल्यानंतरच्या एका रविवारी सकाळी, इस्लामपूरच्या एका लहानशा सभागृहात, जहाजाने सहलीला निघालेल्या मंडळींना सूचना देण्याचा कार्यक्रम होता. भार्गवी केळकर त्यासाठी सांगलीहून, विश्रामबागेतून, एसटीने आली होती. संख्याशास्त्र शिकवून निवृत्त झालेली ही बाई. पुराव्याशिवाय काही मानायचे नाही, हा तिचा धर्म.

सहल कंपनीची वल्लरी बोलायला उभी राहिली. "मोठी बॅग बंदरावरच हमाल घेतात, ती केबिनमध्ये यायला संध्याकाळ होते. म्हणून औषधं, चष्मा आणि एक जोडी कपडे खांद्यावरच्या पिशवीत ठेवा. भिंती लोखंडी असतात, तेव्हा लोहचुंबकाचे हुक न्या, ओला टॉवेल टांगायला बरे पडतात. मळमळायला लागलं तर खाली मान घालून मोबाईल बघू नका. डेकवर येऊन क्षितिजाकडे बघा. आणि बंदरावर फिरायला उतरलात तर वेळेत परत या. जहाज कुणासाठी थांबत नाही."

"आन् न्हाई आलं एकांदं येळंत, तर?" कुंडलच्या बनुबाईंनी विचारले. सैन्यातून सुभेदार होऊन परतलेले त्यांचे यजमान जोतिबा शेजारी ताठ बसले होते.

"तर जहाज निघून जातं, मावशी."

"लय ब्येस. यांस्नी तितंच चुकवून येतो मग."

सभागृह हसले. सुभेदारही हसले. भार्गवीला त्या हसण्याचा हेवा वाटला.

"बिनखिडकीच्या केबिनमध्ये भरदुपारीही मिट्ट काळोख असतो," वल्लरी पुढे म्हणाली. "त्याला सोपा उपाय आहे. जहाजाच्या नाकावर कॅमेरा असतो, त्याचं चित्र टीव्हीवर दिसतं. आवाज बंद करून ते लावून ठेवा. समुद्रही दिसतो आणि दिव्याचंही काम होतं."

कार्यक्रम संपल्यावर ती भार्गवीजवळ आली. "मॅडम, एकट्या प्रवाशालाही भाडं दोघांचंच पडतं. जोडीला कुणी देऊ का?"

"नको. भरीन मी दोघांचं."

"म्हणजे दुसरा बिछाना रिकामाच नेणार?"

"हो. रिकामा बिछाना ही केवढी चैन आहे, ते तुला इतक्यात नाही कळायचं."

नवऱ्याला, देवदत्तला, जाऊन वर्ष उलटले होते. उंच, चष्मेवाला, सरकारी अभियंता होता. त्याचा आवाज कधी चढला नाही, हात कधी उगारला गेला नाही. गावात त्याच्याविषयी वाईट बोलणारे एक माणूस सापडले नसते. त्याला एक शब्द पुरत असे. पीएच.डी.साठी नाव नोंदवू का? "कशाला?" मैत्रिणींबरोबर हंपीला जाऊ का? "कशाला?" तो हे हळू, जवळजवळ मायेने विचारी, तोंडातली लवंग एका गालातून दुसऱ्या गालात सारी आणि उत्तराची वाट पाहत दारात उभा राही. भार्गवीची कारणे संपेपर्यंत उभाच राही. ती संपली, की लवंग दातांखाली चावल्याचा एक बारीक आवाज येई आणि तो दिवा मालवून आत जाई. आता, इस्लामपूरहून ती घरी परतल्यावर, पुण्याच्या मुलाने, शौनकने, फोनवर विचारले, "आई, जहाजावर एकटी कशाला?" तेव्हा भार्गवीने फोन ठेवला आणि त्याच दिवशी पैसे भरून टाकले.

मुंबईच्या बंदरावर काचेमागच्या अधिकाऱ्याने मान वर न करता विचारले, "किती जण?"

"दोघं," भार्गवीच्या तोंडून निघून गेले.

हॉटेलांत, नाट्यगृहांत, लग्नाच्या पंगतींत आयुष्यभर दिलेले ते उत्तर. जीभ जुन्या वळणावर गेली, इतकेच. "नाही, एक. मी एकटीच," तिने तत्काळ दुरुस्ती केली. अधिकाऱ्याने वर पाहिले. तिच्याकडे नव्हे, तिच्या खांद्यावरून मागे. पाठीमागून येणाऱ्यासाठी दार धरून ठेवावे तसा तो क्षणभर थांबला आणि मग त्याने पुढच्या माणसाला बोलावले.

केबिन बिनखिडकीची, स्वच्छ, थंडगार आणि अरुंद होती. दोन बिछाने, मध्ये हातभर वाट. दोन्हींवर चादरी ताणलेल्या, दोन्ही उशांवर एकेक चॉकलेट. भार्गवीने दोन्ही चॉकलेटे खाल्ली.

दुसऱ्या दिवशी चहूकडे फक्त पाणी होते. जेवून ती केबिनमध्ये आडवी झाली. टीव्हीवर जहाजाचे नाक निःशब्दपणे लाटा कापत होते आणि त्या समुद्राचा निळसर उजेड छतावर हलत होता. तो बघता बघता तिचा डोळा लागला.

जाग आली तेव्हा काहीच दिसत नव्हते. टीव्ही बंद होता. डोळे उघडे आहेत की मिटलेले, हे तिला पापण्यांना बोट लावून पाहावे लागले. वर डेकवर लख्ख ऊन असणार, मुले पोहण्याच्या तलावात उड्या मारत असणार. इथे मात्र काळोख असा दाटला होता, की तो नाकातोंडात जाईल असे वाटावे. जहाजाचे लोखंड कुठेतरी खोल करकरत होते. गार हवेची सळसळ होती. आणि त्या दोन आवाजांच्या मधोमध, हातभर अंतरावर, कुणीतरी संथ श्वास घेत होते.

मग वास आला. लवंगेचा.

"कशाला...?"

भार्गवीने भिंतीवर हात फिरवत बटण शोधले. उजेड झाला. पलीकडचा बिछाना रिकामा होता. मात्र चादर मधोमध खोल दबलेली होती, आणि तिच्या देखत ती सावकाश वर आली, एखादे जड माणूस उठल्यावर गादी येते तशी.

टीव्ही आपोआप बंद होत असेल. गादी जुनी असेल. वास स्वयंपाकघरातून हवेबरोबर आला असेल. तिने एकेका गोष्टीचे कारण लावले आणि प्रत्येक कारण पटण्याजोगे होते. एका अनुभवावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे तिने मुलांना जन्मभर शिकवले होते.

त्याच संध्याकाळी ती जेवणघरात गेली. झुंबरे लखलखत होती, माणसांचा गलबला होता, बनुबाई पलीकडच्या टेबलावरून "आवं बाई, ह्ये हिरवं खाऊ नका, लय आंबट हाय!" असे ओरडत होत्या. भार्गवीच्या टेबलावर मात्र दोन ताटे मांडली होती. वाढायला आलेला मुलगा रत्नागिरीचा, मराठी बोलणारा.

"मी एकटीच आहे," ती म्हणाली. "ही समोरची खुर्ची काढून ने."

मुलाने खुर्चीकडे पाहिले. मग अदबीने खाली वाकून, आवाज उतरवून तो म्हणाला, "नेतो ना मॅडम... साहेब उठले की नेतो."

भार्गवी ताटाला हात न लावता उठली.

ती केबिनवर आली तेव्हा तिची बॅग दाराशी उभी होती. भरलेली, पट्टे आवळलेले. तिने कपाटात टांगलेले सारे कपडे आत होते, आणि त्यांच्या घड्या तिच्या नव्हत्या. अशा काटकोनी घड्या एकच माणूस घालत असे.

"उद्या कोचीला उतरू..." आवाज स्नानगृहाच्या दाराकडून आला. हळू, समजूतदार. "घरी जाऊ... हे सगळं कशाला?"

दारातून ती धावतच बाहेर पडली. ती रात्र तिने डेकवरच्या आरामखुर्चीत शाल लपेटून काढली. एक गोष्ट मात्र तिला स्वच्छ कळत होती. एकदा इथून, अर्ध्या वाटेवरून परतले, की पुन्हा घराचा उंबरठा ओलांडणे आपल्याच्याने होणार नाही. हे तिला ठाऊक होते आणि त्यालाही.

तरीही सकाळी कोचीला ती बॅग घेऊनच उतरली. भीती अशीच असते. ती युक्तिवादात हरते आणि पायांवर ताबा मिळवते.

"आवं, सगळी बॅग घिऊन कुटं निगाला?" बनुबाईंनी धक्क्यावर गाठले.

"घरी. रेल्वेने जाईन."

"का वो? कोन बोललं का तुमास्नी?"

"रात्री... केबिनमध्ये भीती वाटते."

"मग आमच्याकडं या की झोपाय! सुभेदार झोपतील खाली. बारडरवर काय गाद्या हुत्या व्हय त्यांस्नी?"

भार्गवी हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. पण बॅगेची मूठ तिने सोडली नाही. बनुबाई पुढे निघून गेल्या. कडेने रिक्षा उभ्या होत्या. एक रिक्षावाला स्वतःहून पुढे आला. तिने "स्टेशन" म्हटले आणि पाऊल उचलले.

त्याच क्षणी, उजव्या कानाच्या अगदी मागे, लवंग दातांखाली चावल्याचा तो बारीक आवाज झाला.

समाधानाचा आवाज. कारणे संपली, वाद मिटला, आता दिवा मालवून आत जायचे. सारे आयुष्य हा आवाज ऐकून ती मुकाट्याने मागे फिरली होती, आणि आज भर उन्हात, परक्या बंदरात, तो पुन्हा आला होता. भार्गवीच्या अंगातून एक झळ निघाली ती थेट डोक्यापर्यंत गेली. इतका संताप तिने स्वतःला कधी परवडू दिला नव्हता. तिने उचललेले पाऊल खाली ठेवले. रिक्षावाल्याची क्षमा मागितली. मग दिवसभर बॅग ओढत ती कोची हिंडली. मासेमारीची अवाढव्य जाळी पाण्यातून वर येताना पाहिली, एका दुकानात मिरी हुंगली, नारळपाणी प्यायली. भोंगा झाला तेव्हा ती अजून रस्त्याच्या पलीकडे होती.

"मॅडम, पळा!" सहलीबरोबर आलेली वल्लरी जहाजाच्या जिन्यावरून किंचाळली. "थांबणार नाही ते!"

भार्गवी पळाली. साठीची बाई, साडीचा ओचा हातात धरून.

केबिनमध्ये तिने आतून कडी लावली. आधी बॅग उपसली. प्रत्येक घडी झटकून मोडली आणि कपडे जसे हाताला येतील तसे टांगले. मग आपल्या बिछान्यावर ताठ बसली आणि तिने स्वतःच्या हाताने टीव्ही बंद केला. दिवाही मालवला.

काळोख आला. श्वास आला. वास आला, या वेळी तोंडाजवळ, ऊबदार.

"कशा..."

"देवदत्त," ती म्हणाली.

श्वास थांबला. लग्नापासून त्याला तिने कधी नावाने हाक मारली नव्हती. ‘अहो’च्या पुढे तिची जीभ गेली नव्हती, त्याच्या चितेपाशीसुद्धा.

"देवदत्त, तू ऐक. मी कारण सांगणार नाही. माझ्याजवळ पुष्कळ कारणं आहेत, पण तुला त्यांतलं एकही मिळणार नाही. त्या बिछान्याचं भाडं मी भरलंय. तुला झोपायचं तर झोप तिथे... जन्मभर झोप. मी माझ्या वेळेला उतरेन आणि एकटी उतरेन. दारात उभा राहिलास, तर तुझ्या अंगावरून जाईन."

तिचा आवाज कापत होता आणि ते लपवण्याचा तिने प्रयत्न केला नाही. मग पलीकडची गादी करकरली. कुणीतरी सावकाश, वयस्कपणे, भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

त्यानंतर तो बोलला नाही. चौथा दिवस भार्गवीने डेकवर घालवला. ती तलावात पाय सोडून बसली, सुभेदारांकडून पत्त्यांत हरली, आईस्क्रीम दोनदा घेतले. झोपायला मात्र ती केबिनमध्येच गेली. पाठ वळवून, दिवा लावून, पण गेली. पलीकडच्या चादरीखाली काही होते का, हे तिने वाकून पाहिले नाही. ते पाहण्याची आपल्याला गरज नाही, हा तिचा निर्णय होता.

मुंबईला सकाळी सारे उतरले. धक्क्यावर सामान शोधण्याची धांदल उडाली होती. सुभेदार बॅगा बसकडे नेत होते. इतक्यात जहाजाच्या कर्ण्यावरून एका बाईचा गोड आवाज घुमला. तिने भार्गवीच्या केबिनचा क्रमांक पुकारला. त्या केबिनमधले एक प्रवासी अद्याप उतरलेले नाहीत. त्यांनी कृपया जिन्याकडे यावे.

"आवं बाई, तुमच्या खोलीचा लंबर घेत्यात," बनुबाई म्हणाल्या.

"घेऊ द्या."

"आन् कोन ऱ्हायलं असंल तर?"

"राहू दे. चला, बस निघेल."

भार्गवी चालू लागली. बनुबाई दोन पावले आल्या आणि थबकल्या. त्यांनी कपाळावर हात धरून जहाजाच्या उंच, पांढऱ्या कठड्याकडे पाहिले.

"वर कोनतरी हुबं हाय वो. तुमच्याकडंच बगत्यात. उंच हायती, चष्मा हाय."

भार्गवीने मान वळवली नाही.

"आन् संगट बाई बी हाय एक. तुमची भन हाय काय? लय सारकी दिसती. खाली मान घालून हुबी हाय बगा बिचारी." बनुबाईंनी तिला कोपराने ढोसले. "हात तरी करा की! माणसं येवडी बगाय लागल्यात."

"नाही करणार," भार्गवी म्हणाली आणि दोन्ही हातांनी पिशवीचा पट्टा घट्ट धरला. बहीण तिला नव्हती. कधीच नव्हती.

बनुबाईंना ते बरे दिसेना. त्यांनीच आपला हात उंच केला आणि चांगला दोन-तीनदा हलवला. मग भराभर चालत त्या भार्गवीला येऊन मिळाल्या.

"त्यांनी न्हाई वो केला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "बाईनं केला. मान वर करून केला... आन् मग त्यांस्नी तितंच सोडून पळाली की वो ती, उतरायच्या जिन्याकडं."