सायलीला बसवू नका!

हे लिहणारच नव्हतो मी. गोष्ट माझ्या दोस्ताच्या, अंगदच्या घरची. तो म्हणला, "माझ्या मायला राक्षीण करशील बे तू!" पण त्याच्या दीपमाला वहिनीचा तो राग माझ्या डोक्यातून जाईचना.

फोनवर लेकीचा आवाज निघेना म्हणून दीपमाला पाटोद्याला सासरी धावली अन् दारातच थिजली... तिची सात वर्षांची सायली खांबाला लुगड्यानं बांधून ताठ बसवलेली! ओठ जांभळे, नखं निळी, मान लुळी...

"आत्याबाई! लेकरू हाय का ढोर हाय हे?"

"अगं, दम्याच्या माणसाला बसतंच ठेवायचं असतं," सासू बायनाबाई, म्हंजी अंगदची माय, म्हणाली. "ही सारखी आडवी पडती. मी काय दुश्मन हाय का तिची?"

दमा! परळीच्या वीजकेंद्राच्या राखेनं दमा झाला म्हणून याच माणसांनी पोरीला इथं आणलं होतं, अन् चांगली हवा तरी मिळंल म्हणून दीपमालानं काळजावर धोंडा ठेवून, नवऱ्याच्या नोकरीपायी स्वतः मागं राहून, पोटचा गोळा धाडला बी होता... पंप झाले, हृदयाची तपासणी झाली, कुणालाच काही सापडेना. ती ओरडून सांगायची, "निजल्यावर हिला बरं वाटतंय!" तर सासरे अर्जुनराव हसायचे, "आळशी मायची आळशी लेक!"

तिनं दातानं गाठ सोडली. सायलीला आडवं केलं. हळूहळू ओठ उजळले...

"बघा! आता तरी डोळे उघडून बघा!"

संभाजीनगरच्या डॉक्टरांनी बोटाला चिमटा लावून सायलीला निजवून बघितलं, मग बसवून. बसली की ऑक्सिजन खाली! जन्मापासूनच फुफ्फुसातल्या नसा चुकीच्या जोडलेल्या. रक्त हवा न घेताच पुढं पळायचं, बसल्यावर तर जास्तच. राख न्हाई, दमा न्हाई, आळस तर न्हाईच न्हाई! मांडीच्या नसेतून बारीक नळी घालून त्यांनी ती वाट बुजवली. आता सायली बसली तरी ओठ गुलाबीच!

वॉर्डाबाहेर बायनाबाई तेच लुगडं टराटरा फाडायला लागली. "या हातानं नातीचा जीव घेत होते गं मी!"

दीपमालाचा राग गेला नव्हता. अजूनबी गेला न्हाई. तिनं लुगडं हिसकलं... अन् परत सासूच्याच हातात दिलं.

"फाडू नका. पोरीखाली अंथरा. पण माझी लेक परत माझ्यापासून तोडायची न्हाई!"

"न्हाई गं माय... कधीच न्हाई!"

दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या. अर्जुनराव खाली मान घालून उभे होते. तिनं तिकडं बघितलं बी न्हाई.

काल अंगदनं विचारलं, "लिहिलंस ना? आता मायला काय सांगू बे?"

म्हणलं, "तू काय सांगू नको. मीच येतो. सायलीला शेजारी बसवून तुझ्या मायला सगळं वाचून दाखवतो, बांधलेलं लुगडं बी अन् अंथरलेलं बी. शब्द हाय माझा, अंगद... एक ओळ गाळणार न्हाई."