आधी नाक, मग दिवा

नऊ डिसेंबर. कडाक्याची थंडी, वारा अगदी पडलेला.

"वारा नव्हता, हे ध्यानात ठेवा," फोरमनकाका पुतण्यांना म्हणाले. दिवे मालवून सगळे अंथरुणावर बसले होते. "माझ्या ओळखीच्या मिस्त्रीची गोष्ट. खोटी वाटली तर त्यालाच विचारा."

मिस्त्रीच्या गॅरेजात पेट्रोलचा कॅन मागच्या खोपटात, कुलपात ठेवायची शिस्त होती. ती स्टोअर सांभाळणाऱ्या अण्णांची. झाकण असं आवळायचे की बाकीच्यांच्या हातांना फोड यायचे.

"अण्णा, झाकण लावता की वेल्डिंग मारता?" मिस्त्री चिडवायचा.

"हसा लेको. पण आत शिरताना आधी नाक, मग दिवा. वास असला तर बटणाची ठिणगीही पुरते."

अण्णा वारले, आणि झाकणं सैल झाली.

त्या संध्याकाळी सुटे भाग धुवायला मिस्त्रीनं कॅन आत आणला. खोपटाला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. काम झाल्यावर कॅनवर झाकण नुसतं टेकवलं. परत नेऊन ठेवायचा कंटाळा. गाडीखाली उतरून काम करायच्या खड्ड्याच्या काठावरच कॅन कलता सोडून तो घरी गेला. वर माळ्यावर त्याचा धाकटा भाऊ झोपायचा.

रात्री साडेअकराला शेजाऱ्याच्या गाडीचं चाक बसलं. मिस्त्री जॅक न्यायला आला. बाजूचं दार ढकललं. मिट्ट काळोख. हात सवयीनं बटणाकडे गेला.

बटणावर आधीच एक हात होता.

गार. ओला.

"धाकट्या...?"



मग वास आला. घसा जाळणारा. खड्ड्यात काहीतरी टपटपत होतं... टप... टप...

थांबलं.

मग कर्र... कर्र... झाकण आवळल्याचा आवाज.

"मग, काका?"

"गप बस."

मिस्त्री उलट्या पावली बाहेर आला. बाहेरच्या जिन्यानं वर गेला, भावाला गदागदा हलवलं. "चल खाली. दिवा लावू नकोस. मोबाईलला हात लावू नकोस."

"अरे दादा, झालंय काय?"

"...चल."

दार सताड उघडं टाकून दोघं रस्त्यापलीकडे उजाडेपर्यंत बसून राहिले.

सकाळी खड्ड्याचा तळ पेट्रोलनं ओला होता. कॅन काठावर नव्हता. तो खोपटात, जागच्या जागी होता. कुलूप लागलेलं. किल्ली मिस्त्रीच्या खिशात.

मिस्त्रीनं झाकण फिरवून पाहिलं. भावानं पाहिलं. मग पक्कड लावली.

ते अजून उघडलेलं नाही.