त्या कॅसेटवर आधीच कोणीतरी होतं

हे ऐकीव नाही. माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय. ज्याला थट्टा वाटत असेल त्यानं इथेच थांबावं, वाद घालायची माझ्यात ताकद उरलेली नाही.

सोमवार होता. दुपारचे साडेतीन. भर उजेडात, गिऱ्हाइकांनी भरलेल्या कॅमेऱ्यांच्या दुकानात सुरू झालं सगळं.

माझा मावसभाऊ चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवतो. म्हणून घरात सगळे त्याला भिंग्या म्हणतात. गुरुवारी मावशीचं घशाचं ऑपरेशन ठरलं होतं. स्वरयंत्रच काढायचं होतं.

डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नाही. "जीव वाचेल. आवाज नाही."

भिंग्या त्या दिवशी जेवला नाही. हाका मारून घर डोक्यावर घेणारी त्याची आई, आणि तिचा आवाज कायमचा जाणार! तेव्हा फोनमध्ये धड फोटोही निघत नसे. त्यानं ठरवलं, व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा आणि गुरुवारच्या आत आईचा आवाज साठवून ठेवायचा.

दुकानदारानं चार कॅमेरे काउंटरवर मांडले.

"हा डिस्कवाला. ओरखडा आला की संपलं. हा हार्ड डिस्कवाला, पडला की सगळंच गेलं. हा कार्डवाला सगळ्यात सोपा, पण चुकीचं बटण दाबलंत की कार्ड कोरं."

"आणि हा?"

"कॅसेटवाला. जुनी पद्धत आहे, पण कॅसेटवर उतरलेलं सहजासहजी जात नाही."

भिंग्याला तेच हवं होतं. सवयीनं त्यानं लेन्स उजेडाकडे धरली आणि खूश झाला. काच अव्वल होती. आवाज कसा येतो हे तपासायचं त्याला सुचलंही नाही. काचवाला माणूस, काच बघून भाळला!

"एकच पीस उरलाय," दुकानदार म्हणाला. "कोणीतरी परत केलेला. आत एक कॅसेट आहे. कोऱ्या पुढच्या आठवड्यात येतील."

पुढचा आठवडा? भिंग्याच्या हातात दोन दिवस होते.

घरी येऊन त्यानं आधी ती कॅसेट लावून पाहिली. बायको शेजारी बसली होती.

अनोळखी खोली. लाकडी खुर्ची. खुर्चीत एक म्हातारी बाई, थेट कॅमेऱ्याकडे बघत सारखी बोलत होती...

आवाज नव्हता.

म्हणजे खुर्ची करकरलेली ऐकू येत होती. बाहेरून गाडी गेलेली ऐकू आली. फक्त त्या बाईचा आवाज नव्हता.

"अहो, कोणाची तरी आई असेल ही," बायको म्हणाली. "त्यांची त्यांना परत द्या."

"कोणाला देऊ? नाव ना पत्ता. आणि गुरुवार काय माझ्यासाठी थांबणारे?"

त्यानं कॅसेट मागे फिरवली. त्या बाईवरच आईचं रेकॉर्डिंग करायचं ठरवलं.

मंगळवारी दुपारी मावशीला खिडकीजवळ बसवलं.

"काय बोलू रे? मला भाषण येतं का?"

"भाषण नको. नेहमीसारखं ओरड."

"मग तो पलंगावरचा ओला टॉवेल उचल आधी, गाढवा!"

सगळे खो खो हसले. वीस मिनिटं मावशी मनसोक्त बोलली.

मग त्यानं कॅसेट लावली. पंख्याची घरघर ऐकू आली. कपात चमचा वाजला. सून हसली...

मावशीचे ओठ हलत होते. तिचा मात्र एक शब्दही ऐकू येत नव्हता.

भिंग्या तडक दुकानात गेला. दुकानदारानं "हॅलो, हॅलो" म्हणून स्वतःचा आवाज भरून दाखवला. खणखणीत आला.

"तुमचंच काहीतरी चुकतंय, साहेब."

बुधवारी सकाळी मावशी उठली ती बसलेल्या आवाजानं. "गार पाणी बाधलं असेल," म्हणाली. भिंग्यानं कॅमेरा आणखी जवळ नेला आणि पुन्हा सुरू केला.

दहा मिनिटांनी तिचा आवाज बारीक झाला. वीस मिनिटांनी घोगरा.

"अहो, बंद करा तो कॅमेरा!" बायको ओरडली.

"पाचच मिनिटं. आई, अजून पाचच मिनिटं बोल गं."

आई बोलत राहिली. लेकासाठीच ना! शेवटी नुसती कुजबुज उरली. मग तीही गेली. "बस, बाळा," हे त्यानं तिच्या ओठांवरून ओळखलं.

ती पाच मिनिटं भिंग्या अजून स्वतःला माफ करू शकलेला नाही.

त्यानं कॅसेट लावली. मावशी मुकीच होती. तिचं रेकॉर्डिंग संपलं आणि कॅसेटवर उरलेला जुना भाग सुरू झाला.

तीच खोली. तीच खुर्ची. तीच म्हातारी.

या वेळी तिचा आवाज येत होता...

मावशीचा आवाज.

"तो पलंगावरचा ओला टॉवेल उचल आधी, गाढवा!"

आणि ती हसली. हसूसुद्धा मावशीचंच होतं.

गुरुवारी ऑपरेशन झालं. मावशी वाचली. आवाज आदल्याच दिवशी कसा गेला, असं विचारल्यावर डॉक्टर म्हणाले, आजारच तसा असतो. असेलही.

भिंग्यानं कॅसेट काढून कपाटात कुलपात टाकली.

महिनाभरानं, दुपारी, मायलेक जेवणाच्या टेबलाशी मटार सोलत बसले होते. सून कामावर गेली होती. घरात तिसरं कोणी नव्हतं.

आतल्या खोलीतून हाक आली.

"भिंग्या... अरे, जरा इकडे ये."

तो मला म्हणाला, "ताई, आधी भीती नाही वाटली गं. आधी आनंद झाला." तो अर्धा उठलाही होता. तोंडून "आलो" निघणार, तेवढ्यात मावशीनं त्याचं मनगट घट्ट धरलं. तिलाही ऐकू आलं होतं.

तिनं वही ओढली आणि लिहिलं, "ओ देऊ नकोस. ती मी नाही."

तेव्हापासून आठवड्यातून दोन-तीनदा हाक येते. बायको म्हणते, कॅसेट जाळून टाका. तो जाळत नाही. मी चिडून विचारलं, तुझं डोकं ठिकाणावर आहे का? तर म्हणाला, "आईचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही ना, ताई."

परवा दुपारी घरून त्याचा फोन आला होता. इकडचं तिकडचं बोलताना तो मध्येच गप्प झाला.

"काय रे, काय झालं?"

पलीकडे लांबून कोणीतरी बोलल्यासारखं वाटलं...

मग त्यानं फोन तोंडापासून बाजूला नेला असावा. पण मला स्पष्ट ऐकू आलं. अगदी लहानपणी बोलायचा तसं, लाडात तो म्हणाला,

"आलो, आई."

मावशी चार दिवसांसाठी माझ्याकडे राहायला आली आहे. त्या वेळी ती माझ्या समोर बसून पेपर वाचत होती.

तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.