अर्ध्या मालकीचा माणूस

नेरेओ झानुत्तो आमच्या लाँड्रीत पहिल्यांदा आला तो धावत. पण मी त्याचा सत्यानाश केला त्याला तोवर दोन मिनिटं होऊन गेली होती.

"बनियन," तो धापा टाकत म्हणाला. "निळा. काखेत फाटलेला. कुठाय?"

मी यंत्राच्या गोल काचेकडे बोट दाखवलं. आत क्लबच्या अठरा पिवळ्या जर्सी गरगरत होत्या, आणि मधूनच एक निळं काहीतरी काचेला चिकटून आमच्याकडे बघत होतं.

तो काचेसमोर गुडघ्यांवर बसला. "सात मॅच हरलो नाही आम्ही. सात मॅच धुतला नव्हता मी तो."

"ते कळलं," मी म्हणाले. "वासावरून."

"थांबवा ना!"

"साठ अंशांवर आहे. आता दार उघडलं तर तुमचं नशीब फरशीवर सांडेल."

तेव्हा त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. राग येण्यासाठी लागतं त्यापेक्षा जरा जास्तच वेळ पाहिलं… मग खांद्याने दार ढकलून निघून गेला.

त्या रविवारी आम्ही चार-शून्यने हरलो. आमच्या कास्तेलरोंदो गावात बातमी चर्चच्या घंटेआधी पोचते. सोमवारी पाववाल्याने मला शिळा पाव दिला, आणि पाद्रीबाबांनी "बनियन हेही देवाचंच लेकरू आहे" असं काहीसं सुचवलं.

दुपारी नेरेओ आला. हातात भरलेल्या, तळलेल्या ऑलिव्हची गरम पुडी.

"लोक त्रास देतायत म्हणे तुम्हाला?"

"पाव शिळा मिळतोय."

"मी सगळ्यांना सांगितलं, चार गोल बनियनने नाही खाल्ले, आमच्या गोलकीपरने खाल्ले." त्याने पुडी पुढे केली. "घ्या. आणि मला अहो-जाहो करू नका. माझी आईसुद्धा करत नाही."

त्यानंतर तो रोजच यायला लागला. सराव संपला की वाफेत येऊन उभा राहायचा आणि टॉवेलच्या घड्या घालायचा. वाईट घालायचा. मी त्या नंतर पुन्हा घालायचे — आणि घालताना हात उगाच रेंगाळायचे.

नेरेओ मधल्या फळीत खेळायचा. त्याचं काम एवढंच, की समोरच्याकडून चेंडू काढून घ्यायचा आणि तीन मीटरवरच्या आपल्या माणसाला द्यायचा. गोल करणं हे त्याचं काम नव्हतं, आणि तो इतका शिस्तीचा की सहा वर्षांत त्याने एकही केला नव्हता. त्या सहा वर्षांत पाच गावं झाली होती. चौदाव्या वर्षी फ्रिउलीच्या एका खेड्यातून त्याला उचललं, तेव्हापासून दर उन्हाळ्यात कुणीतरी फोन करून सांगायचं, यंदा तू अमुक ठिकाणचा. त्याच्याकडे स्वतःचं एकही पातेलं नव्हतं. घेऊन करायचं काय?

आता तर तो एका गावाचाही पूर्ण नव्हता.

"तू नक्की कुणाचा?" मी एकदा विचारलं.

"अर्धा तुमच्या क्लबचा. अर्धा वाल्टेसाचा." वाल्टेसा म्हणजे उत्तरेतला बडा क्लब, सर्वांत वरच्या श्रेणीतला.

"कापलाय कुठून?"

"कागदावर."

"मग डावा पाय कुणाकडे?"

"डाव्या पायाने मला काही येत नाही. तो कुणालाच नकोय."

"मला दे मग."

बोलून गेले आणि कान तापले. त्याने एकाच टॉवेलची लागोपाठ तीनदा घडी घातली, आणि तिसरी चक्क नीट बसली.

मग जून आला. जूनमध्ये अशा अर्ध्या-अर्ध्या खेळाडूंचा निकाल लागतो. दोन्ही क्लबांचं जमलं नाही तर दोघांनी आपापला आकडा लिहायचा, पाकीट चिकटवायचं आणि ठरल्या दिवशी संध्याकाळी सातच्या आत मिलानला लीगच्या कचेरीत द्यायचं. ज्याचा आकडा मोठा, त्याला सगळा माणूस. एकाचं पाकीट पोचलंच नाही तर दुसऱ्याला आयताच. खेळाडूला कुणी विचारत नाही. पाकिटालाच कोण विचारतं, तसंच.

त्या आठवड्यात गार्बिनो सुटला होता. हा गरम वारा आला की आमच्याकडे माणसं एकतर भांडतात, नाहीतर लग्न ठरवतात. आम्ही दोघं समुद्राकाठच्या कॉफीवाल्याकडे नुसतेच बसलो होतो. नेरेओने टेबलावर साखरेच्या अकरा पुड्या मांडल्या होत्या.

"हा वाल्टेसा," तो म्हणाला. मग मधली एक पुडी बोटाने किंचित सरळ केली, झोपलेल्या मुलाचं पांघरूण सारखं करावं तशी. "आणि हा… हा मी."

"जायचंय तुला."

"एक मॅच, मिर्ता. वर एकच मॅच. पण इथे…"

"इथे काय?"

वाऱ्याने दोन बचावपटू उडवून नेले. त्याने ते बघितलंही नाही.

"इथे… ऑलिव्ह चांगले मिळतात."

"ऑलिव्ह."

"हो."

"बस?"

"…मोठे असतात."

दुसऱ्या दिवशी तो आईकडे गेला. निकालाची वाट आईच्या कोंबड्यांमध्ये बसून बघणं बरं पडतं म्हणाला.

आणि शुक्रवारी — निकालाच्याच दिवशी — सकाळी सिन्योरा इनेस दुकानात शिरल्या. या आमच्या क्लबच्या अध्यक्षांच्या पत्नी. हातात नवऱ्याचा तपकिरी कोट, अंगापासून लांब धरलेला.

"बारा वर्षं!" त्या कुजबुजल्या. "बारा वर्षं हा माणूस हाच कोट घालून मॅचला जातो, आणि धुऊ देत नाही. नशीब निघून जाईल म्हणे. आज दात काढायला गेलाय. मिर्ता, दुपारच्या आत दे, बाई. त्याला कळता कामा नये."

त्या गेल्यावर मी खिसे तपासले. तीन संतांच्या तसबिरी, नजर लागू नये म्हणून बाळगतात ते लाल मिरचीसारखं एक शिंग, ऑलिव्हची बी. आणि आतल्या खिशात एक चिकटवलेलं पाकीट. वर लिहिलं होतं: झानुत्तो.

आकडा शुभ व्हावा म्हणून अध्यक्षांनी ते नऊ दिवस कोटात मुरत ठेवलं होतं.

मी पाकीट इस्त्रीच्या फळीवर ठेवलं आणि समोर बसले. ते कोटासकट यंत्रात गेलं असतं तर मला कुणी दोष दिला नसता, माझ्याकडे आलेलं सगळं यंत्रातच जातं. नेरेओ वर गेला असता. त्याची पुडी जागेवर बसली असती.

पण खरं सांगायचं तर मला तो हवा होता. मी दाताच्या डॉक्टरांकडे फोन लावला.

अध्यक्ष पाक्कारोनी आले ते अर्धा चेहरा बधिर घेऊनच. कोट बघून किंचाळले, पाकीट बघून मटकन बसले. मी पाकीट त्यांच्या हातात देऊ लागले तर दचकून मागे सरकले.

"हात लावणार नाही! ज्याला सापडलं त्यानेच न्यायचं. हात बदलला की नशीब बदलतं. गाडीत बस, पोरी."

म्हणून मी मिलानला गेले. मांडीवर पाकीट, शेजारी तोंडाच्या एकाच बाजूने प्रार्थना पुटपुटणारे अध्यक्ष. सहाच्या सुमारास शहरात शिरलो, आणि एका गल्लीत आमच्यासमोरून एक मांजर रस्ता ओलांडून गेलं. काळं. शांतपणे. जणू त्याला पगार मिळतो याचा.

अध्यक्षांनी गाडी थांबवली.

"आधी दुसरी गाडी जाऊ दे," ते म्हणाले.

मागे दुधाची गाडी येऊन थांबली. तिच्या चालकानेही मांजर पाहिलं होतं. त्याच्यामागे टॅक्सी. तिला दुधवाल्याने खिडकीतून हाताने सांगितलं, मांजर. अर्ध्या तासात अकरा गाड्या झाल्या. कुणी हॉर्न वाजवला नाही. आमच्या देशात एवढी शांतता मी चर्चमध्येही अनुभवलेली नाही.

"साहेब, साडेसहा वाजले."

"मला दिसतंय, पोरी. पण मांजरही दिसलंय."

कचेरी गल्लीच्या टोकाला होती, तिची पाटी दिसत होती. मी नुसती बसून राहिले असते तरी नेरेओ वर गेला असता… पण माझं त्या वेळी काही ठरवणं चालूच नव्हतं. पायच ठरवत होते. मी दार उघडलं, पाकीट छातीशी धरलं आणि मांजराची रेघ ओलांडून चालत गेले. मागे अकराही गाड्या एकदम सुरू झाल्या. टॅक्सीवाल्याने जाता जाता टोपी काढली.

पाकीट सहा बावन्नला जमा झालं. अध्यक्ष आत गेले. मी बाहेर बाकावर बसले, आणि तिथे हात रिकामे झाल्यावर मला ती साखरेची पुडी आठवली. ती सरळ करणारं बोट आठवलं.

मी डोळे मिटून म्हणाले: देवा, हरव आम्हाला.

पंधरा मिनिटांनी अध्यक्ष बाहेर आले. दोन्ही डोळ्यांनी, पण अर्ध्याच तोंडाने रडत होते.

"गेला, पोरी. मांजराने नेला."

"हो साहेब," मी म्हणाले. "मांजरानेच." आणि पायऱ्यांवर येऊन नेरेओला फोन लावला.

"कुणाचा?" त्याने विचारलं.

"वाल्टेसाचा. सगळा. डाव्या पायासकट."

पलीकडे नुसत्या कोंबड्या. मग, "मिर्ता… रडतेयस?"

"गार्बिनो आहे."

"मिलानला?"

"यंदा लांबवर आलाय." मग मी सगळं सांगून टाकलं. "पाकीट मीच आणलं, नेरेओ. तू राहावास म्हणून. आणि दिल्यावर देवाला म्हटलं, आम्हाला हरव."

"दोन्ही?"

"दोन्ही. एका तासात."

पलीकडे दार लागल्याचा आवाज झाला, आणि कोंबड्या बाहेर राहिल्या.

"ऑलिव्हचं मी खोटं बोललो," तो म्हणाला.

"माहीत आहे. यंदा छोटेच आहेत."

"तू आवडतेस मला. पहिल्या दिवसापासून. म्हणजे — दुसऱ्या. पहिल्या दिवशी तुझा फार राग आला होता." मग अगदी हळू, "माझं म्हणून कधी काही नव्हतं ग. आता आहे, तर ते पाचशे किलोमीटरवर."

"मोजलेस?"

"नकाशा पुढ्यातच आहे. सकाळपासून."

ऑक्टोबरमध्ये वाल्टेसाने त्याला शेवटची अकरा मिनिटं खेळवलं. अख्खं कास्तेलरोंदो चौकातल्या बारमध्ये टीव्हीसमोर जमलं होतं. अध्यक्ष कोट घालून, पाववाला उभ्यानेच. मला मधली खुर्ची दिली होती. चेंडू त्याच्या पायाला चारदा लागला. चारही वेळा मी उभी राहिले, आणि चारही वेळा त्याने तो तीन मीटरवरच्या माणसाला दिला.

मग चेंडू लांब उजवीकडे गेला आणि कॅमेरा त्याच्यामागे धावला. बारमधल्या साऱ्या माना उजवीकडे वळल्या. मी मात्र पडद्याची डावी कड बघत राहिले. तो तिथेच, कडेच्या जरासा पलीकडे, धावत होता.