शेवटचा चेंडू द्यायचा राहिला

मिलब्रुकच्या बेसबॉलच्या मैदानात डावीकडच्या कुंपणाला लागून जाळी मारलेली एक लांबट जागा होती. तिला बुलपेन म्हणत. तिथे राहणाऱ्यांची वागणूक पाहता गोठा म्हटलं असतं तरी कुणाची हरकत नव्हती. गोठ्यात मातीचे दोन उंचवटे, शेजारी शेजारी. सहा घडीच्या खुर्च्या, खांबाला ठोकलेला एक फोन, आणि पायाखाली सूर्यफुलाच्या बियांच्या टरफलांचा इतका जाड थर, की चालताना बिस्किटांवरून चालल्यासारखं वाटे. सामना सुरू करणारा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, दमला, की मॅनेजर मैदानाच्या दुसऱ्या टोकाहून फोन करायचा. मग गोठ्यातला एखादा पिचर उठून उंचवट्यावर चढायचा आणि चेंडू टाकून हात गरम करायचा. बोलावणं आलं, तर दार उघडून धावत मैदानात. नाही आलं, तर परत खुर्ची, परत बिया.

लायल हॅडक हे चौदा वर्षं करत होता. वय छत्तीस. संघाचं नाव पाणउंदीर, म्हणून छातीवर दात काढून हसणारा पाणउंदीर. पाणउंदराची बायको म्हणून किती वर्षं काढायची याला काही मर्यादा असते, असं त्याची बायको म्हणे. तिने आठ काढली आणि मग एका दंतवैद्याशी लग्न केलं. लायलने ते समजून घेतलं. दोन्हीकडे दातच, पण दंतवैद्याकडचे निदान पैसे देऊन जातात.

सहा वर्षांपूर्वी मोठ्या लीगने त्याला एकदा वर बोलावलं होतं. तीन दिवस. तिथल्या गोठ्यात चामड्याच्या खुर्च्या होत्या. लायलने चार वेळा हात गरम केला आणि मैदानात एकदाही गेला नाही. चौथ्या दिवशी विमानाने परत. मोठ्या लीगच्या नोंदींच्या जाड पुस्तकात ज्याने एक तरी चेंडू टाकला त्याचंच नाव येतं. लायलचं आलं नाही. लायलला आयुष्यात तेवढीच एक ओळ हवी होती.

आणि या रविवारी मिलब्रुकचा एक पिचर पुन्हा वर जाणार होता. मॅनेजर रविवारचा सामना पाहून ठरवणार होता. छत्तिसाव्या वर्षी आणखी एक रविवार मिळणार नाही, हे लायलला सांगायला कुणी लागत नव्हतं.

गुरुवारी दुपारी त्याला खड्डा दिसला.

पिचर चेंडू टाकताना पुढचा पाय जिथे आपटतो तिथे मातीत खड्डा पडतो. प्रत्येकाचा वेगळा. लायलचा त्याच्याच बुटाने मोजलं तर साडेसहा बूट अंतरावर, आणि गुडघ्याच्या शस्त्रक्रियेपासून चवडा आत वळलेला. गोठ्यात ते सगळ्यांना माहीत होतं. खड्डा होता दुसऱ्या उंचवट्यावर, तोही ताजा. लायल दिवसभर पहिल्यावर होता.

त्याने बुटाने मोजलं. साडेसहा. चवडा आत.

"नेस्टर, इथे कुणी टाकलं रे?"

नेस्टर कॅचर, डॉमिनिकन रिपब्लिकहून आलेला, पंचविशीचा. गोठ्यात बसून सगळ्यांचे चेंडू झेलणं हे त्याचं काम. त्याने मान वर केली. "तूच, आजोबा. आणखी कुणाचा पाय इतका वाकडा आहे?"

"मी त्या बाजूला होतो."

"मग विसरला असशील. वय झालं की होतं. माझे आजोबा दात विसरायचे."

शुक्रवारी आवाज सुरू झाला. लायलने टाकलेला चेंडू नेस्टरच्या हातमोज्यात फट् करून बसायचा. मग, श्वास घेण्याइतक्या अंतराने, आणखी एक फट्. लायल थांबला. नेस्टरने मोजा काढून तळहात पाहिला.

"एकच येतोय," नेस्टर म्हणाला. "पण लागतंय दोनदा."

"मोजा बदल."

"बदलला. हा नवा आहे."

शनिवारी ऊन तापलं होतं. पलीकडच्या मक्याच्या शेतावरून कोमट वारा येत होता. लायल खुर्चीत बसून बिया सोलत होता. फोन वाजला. गोठ्याचा कोच ऑगी साठीचा, सावकाश उठणारा. त्याने फोन घेतला, ऐकला, खाली ठेवला आणि लायलकडे बराच वेळ पाहिलं.

"मॅनेजर म्हणतोय, हॅडक आज झकास टाकतोय. चालू दे म्हणाला."

लायलच्या तोंडात बी होती. "मी बसलोय."

"सांगितलं त्याला."

"मग?"

"म्हणाला, मला दिसतंय इथून."

तिघांनी दुसऱ्या उंचवट्याकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. खड्डा मात्र कालच्यापेक्षा खोल होता.

ऑगी त्याच्याशेजारी येऊन बसला. "लेका, एक विचारतो. खरं सांग. तुझा कधी शेवटचा चेंडू द्यायचा राहिलाय?"

हा त्यांचा रिवाज होता. हात गरम केला आणि बोलावणं आलं नाही, तर शेवटी एक चेंडू खालून, अगदी हलका, कॅचरला द्यायचा. कॅचरने झेलून म्हणायचं, "हात निजला." मग बसायचं. न निजवलेला हात टाकतच राहतो, असं जुने लोक म्हणत. लायलने चौदा वर्षांत हे चुकवलं नव्हतं. एकदा सोडून.

"वर असताना," लायल म्हणाला. "तिसऱ्या दिवशी मी टाकत होतो आणि तेवढ्यात आमच्याकडच्या एकाने चेंडू प्रेक्षकांत मारला. सामना संपला. सगळे ओरडत पळाले, कॅचरपण. चेंडू माझ्या हातातच राहिला. मी खिशात घातला. म्हटलं, आठवण."

"कुठे आहे?"

"पायमोज्यांच्या खणात."

"उद्या घेऊन ये. नेस्टरला दे आणि संपव." ऑगीने टरफल थुंकलं. "सहा वर्षं टाकतोय बिचारा. दमला नाही म्हणजे नवल आहे."

"उलट सुधारलाय," नेस्टर तळहात चोळत म्हणाला. "आजोबा, वाईट वाटून घेऊ नकोस, पण तुझ्यापेक्षा वेग जास्त आहे."

रविवारी लायल तो चेंडू डाव्या खिशात घालून आला. शिवण पिवळी पडली होती. आधी सामना, मग तो चेंडू, असं त्याने ठरवलं. आठव्या डावात फोन वाजला. ऑगीने फक्त मान हलवली. लायल उठला, पहिल्या उंचवट्यावर चढला. वीस चेंडू टाकले. हात छान सुटला होता. आवाज दोन-दोन येत होते. त्याने लक्ष दिलं नाही.

परत फोन. ऑगीने दार उघडलं.

लायल दोन पावलं चालला आणि थांबला. दार आपोआप थोडं आणखी सरकलं, कुणी घाईत जाताना सरकतं तसं.

लाऊडस्पीकरवर नाव आलं. लायल हॅडक. तीन हजार लोकांनी टाळ्या वाजवल्या. हिरवळीवरून एक माणूस हळू धावत मध्यावर चालला होता. पाठीवर एक्केचाळीस. उजवा पाय किंचित आत.

"हा माझा शर्ट आहे," लायल म्हणाला.

"तुझ्या अंगावरपण आहे," नेस्टर म्हणाला.

पहिला बॅटर बाद झाला. दुसराही. तिसऱ्याचे दोन फटके हुकले होते, आणखी एक हुकला की तोही बाद. आता एका चेंडूचा प्रश्न.

"चेंडू दे," ऑगी हळूच म्हणाला. "आत्ता दिलास तर तो थांबेल. मग तू जा."

लायलने चेंडू बाहेर काढला. नेस्टर खाली बसला, मोजा उघडला. सहा पावलांवर.

लायलने मैदानाकडे पाहिलं. तिथला तो चेंडू बोटांत फिरवत होता, लायलला चांगल्या दिवशी सवय होती तसा. असा चांगला दिवस लायलला गेल्या तीन वर्षांत आला नव्हता. मॅनेजर बघत होता. वर जाणारं नाव हॅडक होतं. पुस्तकात येणार होतं तेही तेच.

त्याने चेंडू परत खिशात घातला.

"टाकू दे त्याला," तो म्हणाला.

तिसरा बाद.

ऑगीने दार लावलं. "लायल, आहेस ना?"

"हा काय."

"नाही, बोलत राहा. बोललास की बरं असतं."

संध्याकाळी लायलच्या कपाटात बॅग नव्हती. वाहनतळावर गाडीही नव्हती. त्याला त्यातल्या त्यात गाडीचा राग आला. हप्ते त्याने भरले होते.

मंगळवारी गोठ्यात रेडिओ लावला होता. मोठ्या शहरातला सामना, सातवा डाव. निवेदक म्हणाला, छत्तिसाव्या वर्षी पहिला चेंडू, हॅडक, आणि बॅटर बाद.

"आली ओळ," लायल म्हणाला.

ऑगीने रेडिओ बंद केला. नेस्टर बिया सोलत होता. दोघांपैकी कुणी लायलकडे पाहिलं नाही.

लायल पहिल्या उंचवट्यावर गेला. पिवळा चेंडू काढला. हात निजवायचा तर झेलणारा हवा. त्याने खालून, अगदी हलका, नेस्टरकडे दिला. नेस्टरने दचकून मोजा काढला आणि तळहात पाहिला. "हात निजला" मात्र म्हणाला नाही.

चेंडू अजून लायलच्याच हातात होता.

फोन वाजला.

"नाही," ऑगी फोनमध्ये म्हणाला. "कुणी उठलेलं नाही. सगळे बसलेत."

लायलने चेंडू टाकला. पूर्ण जोराने, पाय आपटून. मग आणखी एक. मग त्याने खाली, पाय आपटला होता तिथे पाहिलं.

माळ्याने सकाळी दाताळ्याने ओढलेल्या रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेल्या होत्या.