बाबांच्या आवाजातली मोकळी जागा

“थांबा! ते वाय-फाय चालू करू नका!”

मोबाइलच्या दुकानात शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसानं थेट तिच्या जुन्या टॅबवर पंजाच ठेवला. ती दातांची डॉक्टर. लोकांच्या तोंडात हात घालायची सवय तिला होती, आपल्या वस्तूवर कुणी हात टाकायची नव्हती.

“हे काय चाललंय?”

“सॉरी... पण दुकानदाराला सांगत होतात ना, क्लाउडची जागा भरली, कंपनीनं सगळं पुसलं म्हणून? यात प्रती उरल्या असतील. नेटला जोडलात की त्याही जातील.” मग ओशाळून म्हणाला, “मी वरच्या मजल्यावर हेच काम करतो. गेलेलं शोधून देतो.”

“काहीही गेलेलं?”

“फायलीच हो... फक्त.”

तिला हसू आलं आणि पाठोपाठ डोळेही भरले. गेले होते ते बाबांचे आवाज. ती वसतिगृहात असताना ते रोज निरोप रेकॉर्ड करून पाठवायचे – ‘काय गं भिंगरी, जेवलीस का?’ बाबा गेले, निरोप उरले. जागा संपल्याच्या सूचना येत राहिल्या आणि ही ‘बघू नंतर’ म्हणत राहिली. हल्ली बाबांचा चेहरा आठवायचा, आवाज मात्र... निसटायचा.

तिनं टॅब त्याच्या हवाली केला. काही दिवसांनी त्यानं वर बोलावलं. ढगाळ दुपार होती. खोलीभर वायरींचं जंजाळ आणि घरघरणारा टेबलफॅन. त्यानं फाइल लावली.

‘काय गं भिंगरी...’

तिनं टेबलाची कड घट्ट धरली. बाबाच! तोच किंचित बसका आवाज.

‘...तो पंखा बंद कर रे जरा. काही बोलता येत नाही.’

दोघांनी एकदम पंख्याकडे पाहिलं.

“हे... हे नव्हतं यात,” ती पुटपुटली. “मला सगळे निरोप पाठ आहेत. आणि बाबा ‘रे’ कुणाला म्हणतील? घरात आम्ही दोघंच.”

त्यानं हळूच पंखा बंद केला. पाती थांबली.

‘हं. आता कसं!’

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. “चेष्टा करताय माझी?”

“आईशप्पथ नाही. गेलेल्या माणसाच्या आवाजाशी खेळेन मी?” त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“घाबरलात?”

“घाबरलोय. पण तुम्ही उठून गेलात तर जास्त घाबरेन.”

ती गेली नाही. मग रोज दवाखाना आटोपून येऊ लागली. एकेक फाइल जुळायची, दोघं कान देऊन ऐकायचे. कुठे बाबा मधेच थांबायचे, कुणाचं तरी ऐकत असल्यासारखे... मग ‘बरं’ म्हणून पुढे बोलायचे. ती शहारायची आणि तो काहीतरी वेडंवाकडं बोलून तिला हसवायचा. स्वतः हसताना मात्र तोंडावर हात धरायचा.

“हात काढा. तो वाकडा दात छान दिसतो.”

“डॉक्टर म्हणून सांगताय?”

“नाही,” ती म्हणाली आणि पटकन खिडकीबाहेर बघू लागली.

शेवटची फाइल उरली. त्या दिवशी खोली उगाचच गार पडली होती.

‘ती वरवर खमकी आहे रे,’ बाबा सांगत होते. ‘आतून भित्री. एकटी राहून राहून हसायचंच विसरली होती. तू राहशील ना तिच्याबरोबर?’

पुढे आवाज नव्हता. पडद्यावरची रेघ मुकाट पुढे सरकत होती... वाट पाहत होती. त्यानं पडद्याकडे पाहिलं नाही. तिच्याकडे पाहिलं.

“राहीन,” तो म्हणाला.

स्पीकरमधून एक लांब, सुटलेला श्वास आला.

‘मग निघतो मी.’

तिनं फाइल पुन्हा लावली. आता तिथं फक्त जुना निरोप होता, तिला पाठ असलेला. मधे कुठेच थांबणं नव्हतं. पुन्हा लावली. तेच.

तिनं स्पीकर बंद केला आणि त्याच्याकडे वळली.

“बाबांना शब्द देऊन मोकळे झालात,” ती म्हणाली. आवाज ओला होता. “मला विचारलंत?”

“विचारतो ना...” त्यानं खुर्ची तिच्या समोर ओढली. “मला तू आवडतेस. त्यांनी विचारलं नसतं तरी आज हेच सांगणार होतो. राहू?”

तिनं त्याचा हात धरला. हात बर्फासारखा होता, तिचाही तसाच.

“राहा,” ती म्हणाली.

आणि तेव्हा कुठे तिला जाणवलं – इतके दिवस या खोलीत ते तिघं होते. आता दोघंच उरले होते.